मागच्या टेबलावरची इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. वजनाने भारी, मूठ डाव्या बाजूने झिजलेली. उजव्या हाताने उचललंत तर मी जरा अवघड वाटेन. त्याचं कारण सांगते.

मित्रांनो, नवीकोरी असताना मी एका मोठ्या लाँड्रीत पुढच्या टेबलावर होते. तिथे गोऱ्या बायका काम करायच्या. हलक्या इस्त्र्या आल्या, तशी माझी रवानगी मागे, बॉयलरशेजारी झाली. तिथे काळ्या बायका. शर्ट तेच, पण शर्टामागे दर निम्मा. मुकादम म्हणायचा, यांना उकाडा सोसतो.

मी जिच्या हाती पडले ती बाई डावखुरी होती. तिची घडी उलटी पडायची, पण कॉलर अशी बसायची की गिऱ्हाइकं तीच घडी मागत. कौतुक मुकादम पुढच्या टेबलाला द्यायचा. जळका शर्ट मात्र नेहमी मागच्या टेबलाचा.

एकदा मालकीणबाईंनी विचारलं, ही घडी कोणाची? पुढच्या टेबलावरची सगळ्यांत थोरली बाई म्हणाली, माझी. मग करून दाखव, म्हणाल्या. तिने तीनदा केली, तिन्ही वेळा सुलटी पडली. तेव्हा माझ्या बाईने मागून येऊन तो शर्ट ओढून घेतला आणि तीच उलटी घडी घातली.

"उद्यापासून तू पुढे बस," मालकीणबाई म्हणाल्या.

"टेबल नको, बाई. दर द्या, मागच्या सगळ्यांना. घडी बघून तुम्हाला माझा रंग कळला नाही, मग दर लावतानाच कसा कळतो?"

असं म्हणून तिने माझी पिन उपसली. मागच्या सगळ्यांनी उपसल्या. चार दिवस मी थंड होते आणि तेवढी ताठ मी कधीच नव्हते.

पाचव्या दिवशी थोरली आपलीही पिन उपसून, इस्त्री घेऊन मागे आली. यांचा दर वाढला तर तुझा कापू, असं मुकादमाने तिला सांगितलं होतं. म्हणून ती खोटं बोलली होती.

"खोटं बोललीस, तेही एकच शर्ट तीनदा चुरगाळून," माझी बाई म्हणाली. "सरक, बस इथे."

सहाव्या दिवशी दारावर दोन्ही टेबलांसाठी एकच दर लिहून लागला.

पुढे यंत्रं आली, मी भंगारात निघाले. बाईने मला घरी आणलं. आता ती नाही. तिचा नवरा मलाच तापवून शर्टाला इस्त्री करतो. घडी सुलटी पडते. मग तो ती मोडतो आणि तिच्यासारखी घालून बघतो.

मित्रांनो, मला पुसा, कोरडी ठेवा, पण शोभेला ठेवू नका. एकाच कामाचे दोन दर दिसले, तर आधी माझी पिन उपसा.