बेंबीपासून मोजलेला पाय

नाचणगावच्या सभामंडपात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध सतरंजीवर ऐंशीच्या लीलाबाई कण्हत होत्या. अंगणात पडून त्यांचा खुबा मोडला होता. मंत्रानं हाडं बसवतो म्हणणाऱ्या महाराजानं सूत आधी चांगल्या पायावर बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजलं, मग मोडक्या पायावर धरलं. चार बोटं उरलं!

"पाहा! दवाखानेवाले याच्यात खिळा ठोकतात. आपण मंत्र ठोकतो!"

कंबरेला हात घालून त्यानं हिसका दिला. म्हातारी किंचाळली, आणि काय सांगावं, तेच सूत बरोबर भरलं. जयजयकार उसळला.

लीलाबाईंचे खांदे दाबून धरले होते पोटच्या लेकानं, गोपाल सरांनी. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस!

"मले दवाखान्यात ने ना रे," माय विनवत होती.

"गप राह्य माय. या वयात ऑपरेशन झेपनार नाई तुले."

सहाव्या दिवशी सरांची मुलगी सुरभी घरी आली. ती सावंगीच्या मेडिकल कॉलेजात फिजिओथेरपी शिकते. आजीचा पाय बाहेर वळलेला, तसाच आखूड, पडून पडून पाठीला जखम. महाराजानं बेंबीपासून सूत मोजून पाय बरोबर करून दाखवला, असं सर सांगू लागले.

"बाबा, तुमी बी झोपा खाली!" तिनं सरांचा पाय बेंबीपासून मोजला. कंबर एका अंगानं वर सरकवून पुन्हा मोजला. तीन बोटं आखूड.

"मोडला का तुमचा पाय? कंबर वर सरकवली की आखूड भरते, खाली ओढली की लांब. आता कंबरेच्या हाडापासून मोजते. पाहा, कितीबी सरकवा, फरक नाई."

सर उठले आणि गाडी सांगायला गेले.

त्याच दुपारी लीलाबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हाडाचे तुकडे सुटलेत. आतून खिळा बसवला की ते धरून राहतात, माणूस लवकर उभा राहतो. वय आहे म्हणूनच घाई करायची असते. पहिल्या दिवशीच का नाही आणलं?"

ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी लीलाबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. पाठीची जखम मात्र दोन महिने चिघळत राहिली. मलमपट्टी करताना माय एकदाच म्हणाली, "मी सांगून राह्यली होती. काऊन आयकलं नाई?"

 पुढच्या ग्रामसभेत सर उभे राहिले. 

"कुठून मोजता, एवढं विचारायची अक्कल मले झाली नाई. माय वरडत होती अन् मी तिले दाबून धरलं. मले लाज वाटते. तुमच्या घरी म्हातारं मानूस पडलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अन् ते काय म्हनते, ते आयका."