हिलालच्या वाट्याचा रोट

शिंदखेड्याचा हिलाल टेलर येशूच्या मार्गाला लागला, तेव्हा त्याने पहिली धास्ती घेतली ती टेरिकॉटची. जुन्या करारात दोन जातींच्या सुताचं कापड वर्ज्य आहे, आणि हिलालचं पोट त्याच कापडावर. पास्टर प्रेमराज हसले. त्यांच्या अंगातला टेरिकॉटचा सफारी हिलालनेच शिवला होता. मोशेचे असले नियम क्रूसावर फिटले, म्हणाले, आता कृपेचा काळ आहे. डुक्कर चालतं, झिंगे चालतात, शनिवारचा शब्बाथ रविवारी पाळला तरी चालतो. हिलालला हा देव फार समजूतदार वाटला.

मग श्रावणात कानबाई देवीचा सण आला. तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात, त्याचे नैवेद्याचे रोट करतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याला तुकडा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. हिलालची आई झुंबरबाई, तिने त्याचेही गहू मोजले होते. रोट खाऊ का, असं त्याने विचारलं, तर पास्टर एकदम गंभीर झाले. मूर्ती न पुजण्याची आज्ञा मात्र कायम आहे, म्हणाले. फिटलेली कोणती आणि कायम कोणती हे कोण ठरवतं, असं हिलालच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नव्या माणसाने फार विचारू नये, असं त्याने स्वतःलाच बजावलं.

तो आईच्या घरी गेला नाही. तेव्हा झुंबरबाईच रोट पदराखाली झाकून दुकानात आली. उभ्या जन्मात तिने असं केलं नव्हतं.

"एक घास खा," ती म्हणाली. "कानबाईले मी समजाडसू."

हिलालने मशीनवरून पाय काढला नाही. "मना देवले चालत नही, माय."

ती रोट घेऊन परत गेली. रविवारी पास्टरांनी हिलालला सभेत उभं करून त्याच्या निष्ठेची तारीफ केली आणि मग आई-बापांचा मान राखण्याच्या आज्ञेवर तासभर बोलले. हिलालने सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं.

पुढे प्रार्थनाघराच्या जागेचं काम ग्रामपंचायतीत अडलं. पास्टर सरपंचाच्या सत्यनारायणाला गेले आणि प्रसादाचा शिरा दोनदा मागून खाल्ला. हिलाल बघतच राहिला. पास्टरांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, की मूर्ती म्हणजे मुळात काहीच नाही असं बायबलात प्रेषित पौलानेच लिहिलंय. विश्वास पक्का असेल त्याने खुशाल खावं.

"मग माझा रोट?"

"तू तेव्हा कच्चा होतास, भाऊ."

यंदाच्या कानबाईला हिलालने दुकान बंद ठेवलं, आंघोळ केली आणि आईच्या घरी गेला. झुंबरबाईने त्याला खुर्ची दिली. पाहुण्यांच्या कपबशीत चहा दिला, पोराबाळांची चौकशी केली. आतून रोटाचा वास येत होता. शेवटी त्यानेच मागितला.

"तुना गहू मोज्याच नही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"माय, आज मी खासू. पास्टर म्हणतस, चालस."

"तुना देवले चालत हुई," झुंबरबाई म्हणाली. "मनी कानबाईले आते चालत नही. च्या पी, थंडा व्हई जाई."