हिरवळीखालचा तलाव

मित्रांनो, तुम्ही माझ्यावरून चालत गेलात तरी तुम्हाला माझा पत्ता लागणार नाही. मी एक जुना पोहण्याचा तलाव आहे. जॉर्जिया राज्यातल्या एका लहान शहराच्या बागेत मला जिवंतपणी पुरलं, त्याची ही हकिगत आहे.

मला मजुरांनी बांधलं. भर उन्हात त्यांनी खड्डा खणला, काँक्रीट ओतलं, काठाला निळ्या फरशा बसवल्या. त्यातले बहुतेक काळे होते. पण माझ्यात पाणी सोडलं त्या दिवशी फाटकावर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी लागली, आणि ज्यांनी मला बांधलं त्यांनाच आत यायची बंदी झाली. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. गोरी मुलं माझ्यात उड्या मारत. त्यांच्या आया काठावर उकडलेल्या शेंगा सोलत बसत. सगळे माझं कौतुक करत, आणि मला वाटे, जगात मुलं आहेत ती एवढीच.

मग एका उन्हाळ्यात न्यायालयाने सांगितलं, हा तलाव सगळ्यांचा आहे, सगळ्यांना आत घ्या. मी नव्या मुलांची वाट पाहू लागलो. आले ते मातीचे ट्रक. सगळ्यांसाठी उघडण्यापेक्षा कुणासाठीच नको, असं गावच्या पुढाऱ्यांनी ठरवलं होतं. त्यांनी माझं पाणी सोडून दिलं. पावसाचं पाणीसुद्धा साठू नये म्हणून तळाला भोकं पाडली. मग माती लोटली आणि वर गवत लावलं.

पुरलेल्याला काय वाटतं ते सांगतो. मातीचा भार सगळीकडून सारखाच असतो, त्यामुळे कुठल्या बाजूला जोर लावावा तेही कळत नाही. पावसात माती फुगे आणि माझ्या भिंती दाबून धरी. उन्हाळ्यात ती जरा आकसे, वाटे आता सुटलो, आणि तेवढ्यात पुन्हा पाऊस येई. लोक माझ्यावर चादरी अंथरून जेवत, हसत, घरी जात. हाक मारावी तर तलावाचा आवाज म्हणजे पाणी, आणि ते केव्हाच गेलं होतं. वरची मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. मी तिथेच होतो.

दर उन्हाळ्यात बागेत कॉलेजची मुलं इंटर्न म्हणून येत. ती झाडं मोजत, नकाशे काढत. काम बिनपगारी असे, म्हणून घरी ददात नसलेलीच मुलं येत. मग एका वर्षी बागखात्याने पगार द्यायला सुरुवात केली, आणि नदीपलीकडच्या वस्तीतली जनेया टिलरी आली. आल्या दिवशीच ती माझ्यावर बसून आईशी फोनवर बोलत होती.

"हो गं, खरंच पगार देतात. गवत मोजायचा. नाही, अंगाला कोंबडी तळल्याचा वास येत नाही. तुला माझा तोच वास आवडत असेल तर सांग, जाते परत त्या दुकानात."

बागेचा नवा आराखडा वेंडेल रस्क नावाच्या साहेबांकडे होता. माझ्या जागी त्यांना गाड्या लावायला डांबरी मैदान करायचं होतं. ते ऐकून माझा जीव आणखी आत गेला. मातीतून निदान पाऊस तरी झिरपतो.

त्या जुलैत फार कडक ऊन पडलं. माझ्या काठांवर मातीचा थर पातळ, म्हणून तिथलं गवत आधी वाळलं. जनेया त्या वाळक्या रेघेवरून चालत निघाली. कोपऱ्याला वळली, पुन्हा चालली, पुन्हा वळली. इतक्या वर्षांनी माझ्या काठावरून कुणीतरी काठ म्हणून चालत होतं.

"सर, हा चौकोन कसला आहे?"

"जुनी पाइपलाइन असेल."

"पाइपलाइन चारही कोपऱ्यांना वळून परत येते?"

"जनेया, तुला पगार नवे नकाशे काढायचा मिळतो. जुनं उकरायचा नाही."

तिने नकाशा गुंडाळला. हा पगार गेला की पुन्हा तळणीपुढे उभं राहायचं, हे तिला माहीत होतं. मग बरेच दिवस तिची पावलं माझ्याकडे वळली नाहीत. मी समजलो, संपलं.

आणि एका सकाळी ती आली ती एका म्हातारीचा हात धरून. त्या मिस ओरा, तिच्या गल्लीतल्या, चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या. रस्क साहेबही तिथेच होते.

"मिस ओरा, इथे काय होतं ते सरांना सांगाल?"

"मी कशाला सांगू, पोरी? पुरलं त्यांच्या लोकांनी. त्यांनाच विचार."

"मॅडम, मी तेव्हा फार लहान होतो," रस्क साहेब म्हणाले.

"बरं. मग पोहायला कुठे शिकलात?"

"क्लबात. वडील सभासद होते."

"आमची पोरं नदीत शिकली," मिस ओरा म्हणाल्या. "आमचा क्लिओफस शिकत होता. माझा धाकटा भाऊ. हा तलाव बुजवला ना, त्याच उन्हाळ्यात नदीने नेला त्याला."

मित्रांनो, मी ज्यांची वाट पाहत होतो त्यांत तो मुलगा होता, हे मला तेव्हा कळलं. तो माझ्याकडे यायचा होता. माझ्या उथळ पाण्यात त्याचे पाय टेकले असते.

मग रस्क साहेबांचा आवाज आला. "गाडीत फावडं आहे का?"

"आहे, सर."

"फक्त एक कोपरा. आणि हळू. खाली फरशा असतील."

एका निळ्या फरशीवर ऊन पडलं. तेवढाच मी बाहेर होतो. उरलेल्या मला अंधार आधीपेक्षा जड वाटू लागला.

पुढे गावाची सभा झाली. जनेयाने तिथे मला पुन्हा उघडायचा आपला आराखडा मांडला, एवढं माझ्याभोवती उभं राहून बोलणाऱ्यांकडून कळलं. कुणी म्हणे, मुलांना पाणी मिळेल. कुणी म्हणे, झालं गेलं कशाला चिवडायचं. ऑगस्टमध्ये तिचं काम संपलं. जाण्याआधी ती कोपऱ्यापाशी उकिडवी बसली.

"काय ठरतंय ते मलाही माहीत नाही रे," ती म्हणाली. "पण बागेच्या नकाशावर तुझा चौकोन आखून ठेवलाय. सरांनी खाली सही केलीय."

पानगळीत एक यंत्र आलं. जमीन हादरू लागली. ते डांबर दाबायला आलं आहे की माती उचलायला, हे मला आतून कळेना. मग वरचा भार थोडा हलका झाला.

त्यांनी माझी उथळ बाजू मोकळी केली. पायऱ्या धुतल्या, घोट्याएवढं पाणी खेळवलं. फुटका तळ आणि खोल बाजू दुरुस्त करायला मात्र गाव तयार झालं नाही. तिथे गवत तसंच आहे.

आता सगळ्या वस्त्यांतली मुलं येतात. रविवारी चर्च सुटलं की मिस ओराही येतात, मोजे काढून पायरीवर बसतात. एकदा जनेया सुट्टीत आली होती. तिने विचारलं, "बरं झालं ना, मिस ओरा?"

"बरं झालं," त्या पाण्यात पाय हलवत म्हणाल्या. "पण ह्यात कुणी पोहायला शिकणार नाही."

मित्रांनो, मला रंग नको, माझ्या नावाची पाटी नको. तुमच्या गावात एखादी जागा बंद पडलेली दिसली, तर ती कुणी बंद केली आणि कुणाला आत येऊ द्यायचं नव्हतं म्हणून केली, एवढं मोठ्या माणसांना विचारा. आणि कधी इकडे आलात, तर पायऱ्यांशी थांबू नका. पलीकडच्या गवतावर जा. माझं खोल पाणी तिथे अजून यायचं आहे.