दुकानाच्या पत्त्यावर मागवलेली चाकं

आमच्या घरात कुणाचंही काही यायचं असलं की पत्ता दुकानाचा द्यायचा. बँकेचं कार्ड, लग्नपत्रिका, माहेरहून आलेली शेंगाचटणी, सगळं दुकानात. घर कुंभारी गावात, आतल्या बोळात, दिवसभर कुलूप. दुकान सोलापुरात हमरस्त्यावर, आणि तिथे सकाळपासून माझे थोरले दीर रुद्रप्पा गल्ल्यावर बसलेले. सासऱ्यांच्या वेळचं सायकलचं दुकान आहे ते. तर माझ्या मुलीनं, राजेश्वरीनं, परदेशातून सायकलची चाकं मागवली तेव्हाही सवयीनं तोच पत्ता टाकला. मीही शेजारी बसून मान डोलावली. सायकलच्या दुकानावर बाहेरची चाकं उतरणार, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही!

राजेश्वरी शर्यतीत सायकल चालवते. मागच्या रिमला तडा गेला होता आणि रविवारी टेंभुर्णीच्या रस्त्यावर जिल्हा संघाची निवड होती. चाकं नाहीत तर निवड नाही, इतकं ते सरळ होतं. हलकी चाकं भावजींकडेही होती, पण त्यांची किंमत आमच्या आवाक्याबाहेर. "घरच्यांना सूट दिली तर गिऱ्हाईक काय म्हणंल?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग पोरीनं थेट चीनमधल्या कारखान्याशीच बोलणं लावलं. तिकडून बोलणारी बाई चोख होती. हिचं वजन विचारलं, रस्ते कसे आहेत ते विचारलं, चाक फिरवून दाखवणारा व्हिडिओ पाठवला. भावजींच्या निम्म्याहून कमी किमतीत काम झालं. कस्टमचं शुल्कही आम्ही मुकाट भरलं.

शुक्रवारी मोबाइलवर दिसलं: पार्सल नाकारले, परत रवाना.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे. तशीच उठले आणि आधी कुरिअरवाल्यांकडे गेले. गाडी निघून गेली होती. मग दुकानात गेले.

"भावजी, राजूचा खोका परत पाठवला तुम्ही?"

"पाठवला की," ते म्हणाले, पान लावत बसल्यासारखे निवांत. "माझ्या दारात असला खोका उतरला तर बाजारात माझी काय किंमत ऱ्हाईल? लोक म्हणतील, सख्खी पुतणी घेत न्हाई, मग आपण कशाला घ्यायचं?"

त्यांच्या मागे चाकांचे खोके रचलेले होते. प्रत्येकावर त्याच देशाचं नाव छापलेलं.

"आणि हे काय सोलापुरात पिकलं का?" मी विचारलं.

"ते बिलाचं हाय."

आमचंही बिलाचंच होतं. पण अंगाची लाही होत असतानाही पोरीसाठी मी तोंड आवरलं, हात जोडले. "निदान रविवारपुरती तुमची चाकं द्या. शर्यत झाली की पुसून परत आणते."

"एकदा रस्त्याला लागलं की जुना माल झाला, चंद्रिका. मग कोण घेतंय?"

पोरीला सायकल शिकवली ती याच माणसानं, सीट धरून मागे पळत. तिची पदकं याच दुकानात काचेआड टांगलेली आहेत, गिऱ्हाइकांना दाखवायला. मी तिथेच रडले, आणि त्या रडण्याचीही मला चीड आली. घरी नवरा, गुरुशांत, म्हणाला, "अण्णा मोठे आहेत, सोडून दे." मोठे आहेत म्हणून काय सोडायचं? त्या रात्री मी त्याला जेवायला वाढलं नाही.

रविवारी निवडीची शर्यत झाली. राजेश्वरी रस्त्याच्या कडेला उभी राहून मैत्रिणींना पाण्याच्या बाटल्या देत होती. एकदाही रडली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

मंगळवारी संध्याकाळी भावजी स्वतः कुंभारीला आले, दोन्ही हातांत नवी कोरी चाकं घेऊन. पुतणी शर्यतीत का उतरली नाही, असं दुकानात कुणी ना कुणी विचारलं असणार. माझ्या रडण्यानं जो माणूस हलला नाही तो गिऱ्हाइकाच्या प्रश्नानं हलला.

"राजू, घे. पैशाचं नाव काढू नको. मीच बसवून देतो."

ती पायरीवर बसून मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. उठली नाही.

"काय लिहायलीस?"

"चीनच्या कारखान्यातल्या बाईनं विचारलंय, खोका कुणी नाकारला. लिहिलं, इथल्या एका दुकानदारानं."

भावजींचे हात खाली आले. आमच्यात थोरल्या काकांना दोड्डप्पा म्हणतात, आणि बोलायला लागल्यापासून तिनं त्यांना दुसऱ्या कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती.

"दुकानदार? अगं, दोड्डप्पा हाय की मी तुझा."

राजेश्वरीनं निरोप पाठवला आणि मगच वर बघितलं.

"दोड्डप्पानं खोका ठेवून घेतला असता," ती म्हणाली.