अपवादांचं पान

आमच्या ऑफिसात दोन मसुद्यांची तुलना माझ्याकडे असते. समोरच्या वकिलाने काल पाठवलेला करार आणि आज पाठवलेला करार शेजारी ठेवायचे, ओळीखाली फूटपट्टी धरायची आणि काय हललंय ते बघायचं. हे काम कॉम्प्युटरही करतो. पण समोरचा वाकडातिकडा स्कॅन पाठवतो, तेव्हा कॉम्प्युटर हात टेकतो आणि सगळे ‘सुचित्राताई’ करत माझ्या टेबलाशी येतात. मी दहावी पास. इंग्रजी शिकले ती करारनामे टाइप करता करता. त्यामुळे त्या भाषेत मला भाजी घेता येत नाही, नुकसानभरपाई मात्र मागता येते.

नानांचा करार असाच माझ्याकडे आला. नाना गिरगावचे, मूळ मालवणकडचे. चाळीस वर्षं कोकणात स्वतःच्या बसगाड्या चालवल्या आणि आता एकोणीस सीटचं एक वापरलेलं विमान परदेशातल्या दलालाकडून घेत होते. त्यांच्याकडे को-पायलट म्हणून लागली होती मेघना, माझ्या गेलेल्या बहिणीची मुलगी. काळाचौकीच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्याकडेच वाढलेली. लायसन्स घेऊन तीन वर्षं घरी बसल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. विमान ताब्यात आलं की तिकडून मुंबईपर्यंत उडवत आणायचं होतं, आणि कॅप्टनच्या शेजारी मेघना बसणार होती. म्हणून मी तो करार जरा जास्तच हळू वाचला.

अकराव्या कलमात होतं की विमान उडण्यालायक असल्याचं तिकडच्या सरकारी खात्याचं सर्टिफिकेट विकणाऱ्याने ताबा देताना द्यायचं. कालच्या मसुद्यात पुढे होतं, ‘कुठल्याही अपवादाशिवाय’. आजच्यात ते शब्द गेले होते आणि तिथे आलं होतं, ‘त्यात नमूद केलेले अपवाद सोडून’. मी लाल पेनने गोल केला आणि नानांचं काम बघणाऱ्या आमच्या वकिलांना, राजेशसाहेबांना दाखवला. वय बत्तीस, माणूस वाईट नाही. म्हणाले, ताई, जुन्या विमानात अपवाद असतातच, आपण विचारलं होतं, ते हटले नाहीत, आणि नानांनी जाऊ दे म्हटलं. मग मी पुढचं कलम दाखवलं. त्यात होतं की घेणाऱ्याने ताब्याची पावती सही करून पाठवली की त्याने सगळं बघितलं, सगळं पटलं, नंतर तक्रार नाही. यावर राजेशसाहेबांनी मान हलवली आणि चहा मागवला.

दसऱ्याला ऑफिस खास नानांसाठी उघडलं. परळची आमची बिल्डिंग एका बंद मिलच्या जागेवर उभी आहे. बाहेरून नुसती काच, आत कॉम्प्युटरला झेंडूची माळ आणि माझ्या फूटपट्टीला हळदकुंकू. नानांची प्रत्येक बस दसऱ्याला ताब्यात आली होती. विजयमुहूर्तावर सही, चाकाखाली लिंबू, आणि काय खुडखुड असेल ती मागाहून आपल्या गॅरेजला. एकाही गाडीने दगा दिला नव्हता. हे त्यांनी पेढा खाताना सगळ्यांना सांगितलं, राजेशसाहेबांना दोनदा.

सर्टिफिकेट सकाळीच मेलने आलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं, ‘पान एक, दोनपैकी’. दुसरं पान नव्हतं. मी दलालाला मेल टाकला. उत्तर आलं की पाठवतो. अडीच वाजत आले. नानांनी पावतीवर सही केली, हात जोडले आणि मला म्हणाले, धाड.

मी म्हटलं, "नाना, दुसरं पान यायचंय."

"येतला गो. कागद खंय पळून जाता? मुहूर्त मात्र जाता."

मी राजेशसाहेबांकडे बघितलं. ते मोबाइलकडे बघत होते. माझ्या एका हातात पेढा होता आणि दुसरा माउसवर. घड्याळात दोन चौतीस. मुहूर्त टळला तर अपशकुन माझ्या हातून होईल, आणि त्या विमानात बसणार माझीच पोर. मी पाठवलं. लोक विचारतील, एवढं कळत होतं तर का पाठवलंस. कळत होतं ते मेंदूला. बोट मुहूर्ताचं होतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी पान दोन आलं. चार अपवाद. पहिले दोन किरकोळ, रंग आणि सीटचे पट्टे. तिसरा असा की चाकांच्या दांड्यांची, म्हणजे विमान ज्या पायांवर उतरतं त्यांची, पूर्ण दुरुस्तीची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली आहे. चौथा असा की डाव्या इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांना तडा आहे का याची तपासणी झालेली नाही आणि आधीच्या मालकाकडचे कागद सापडत नाहीत. त्याखाली एक ओळ होती. प्रवासी न घेता, फक्त वैमानिकांसह, एका प्रवासापुरती परवानगी.

फक्त वैमानिकांसह. ते शब्द मी फूटपट्टी न धरता वाचले.

नाना सगळ्यांना पेढे वाटून नुकतेच लिफ्टपाशी पोचले होते. मी धावत जाऊन त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, चार पाऊस खाल्लेल्या गाड्या मी घाट चढवून आणल्यात, एकदा आपल्या गॅरेजला आली की उघडून बघू. मी म्हटलं, गॅरेज आणि ती यांच्यामध्ये दोन समुद्र आहेत. ते हसले आणि आणखी एक पेढा माझ्या तळहातावर ठेवून खाली गेले. राजेशसाहेब म्हणाले, पावती गेली ताई, आता ते विमान नानांचं, आणि अशिलाचे कागद घरी न्यायचे नसतात हे तुम्हाला सांगायला नको.

मी कागद घरी नेला.

मेघना पलंगावर बॅग भरत होती. मी बॅगेत घातलेले लोकरी मोजे माझ्यासमोर नाचवून म्हणाली, "मावशी, हे कुणाचे गं, आजोबांचे?"

मी पान पुढे केलं. ती उभ्याउभ्याच वाचायला लागली, मग खाली बसली. बराच वेळ चौथ्या ओळीवर थांबली. मी विचारलं, पात्याला तडा असला तर काय होतं. तिने शिकवल्यासारखं सांगितलं की बहुतेक वेळा काहीच होत नाही. आणि एखाद्या वेळी? त्यावर ती मोज्यांची घडी घालत राहिली.

"ताब्याची पावती गेली का?" तिने विचारलं.

"मीच पाठवली."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, ते परवडलं असतं. मग आत जाऊन तिने नानांना फोन लावला. दाराआडून मला एवढंच ऐकू आलं, "नाही सर. तपासणी होईपर्यंत नाही." थोड्या वेळाने पुन्हा तेच, त्याच आवाजात. बाहेर आली तेव्हा म्हणाली, सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले. तिने बॅग पलंगावर उलटी केली, आणि मी, देवा क्षमा कर, वरणाला फोडणी दिली आणि दोन घास जास्त जेवले.

शनिवारी सकाळी राजेशसाहेबांनी एक फॉर्म टाइप करायला दिला. विम्यासाठी वैमानिकांची सुधारित यादी. कॅप्टनचं नाव तेच. मेघनाच्या नावावर काट मारून बाजूला पेनाने लिहिलं होतं, स्वप्नील गमरे, वय पंचवीस, आज रात्री निघणार. माझी बोटं आपोआप चालली, ती थांबत नाहीत, तीस वर्षांची सवय आहे. पासपोर्ट नंबर, लायसन्स नंबर. शेवटचा रकाना होता, आपत्कालीन संपर्क. अंबिका गमरे, आई. पत्ता वरळीचा, बीडीडी चाळीच्या जागेवरच्या नव्या टॉवरचा, विसावा मजला. खाली मोबाइल नंबर.

मी फॉर्म पूर्ण केला, छापला, साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, सगळं बरोबर आहे ना. मी म्हटलं, अक्षर न् अक्षर.

मग जिन्यात गेले आणि नंबर फिरवला. लगेच उचलला. मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. हो, मी स्वप्नीलची आई, ऑफिसातून का, तो आत आंघोळीला गेलाय, त्याचं काही राहिलंय का? आवाजात तो आनंद होता, जो शेजाऱ्यांना सांगून सांगून घट्ट होतो.

मी म्हटलं, "एक पान राहिलंय, बाई. तो बाहेर येईपर्यंत मी थांबते."