मला घाई शिकवू नका

“वस्तू मुलाच्या हातात द्यायची आणि आपलं तोंड मिटायचं. मूल बोलेपर्यंत उघडायचं नाही.”

मला शिवून झाल्यावर बालकेंद्राच्या मोठ्या बाईंनी दोरा दातांनी तोडला आणि त्या हे बोलल्या. मी ऐकलेले ते पहिले बोलणे. आजही मला ते तोंडपाठ आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. उतरवलेल्या पडद्याच्या कापडातून मी जन्मले. तोंडाशी नाडी आहे. पोटात एक चमचा, कुलूप, कंगवा, चेंडू, लाकडी ठोकळा आणि कापडी बाहुली. एवढाच माझा संसार. या बालकेंद्रात लहान मुलांचे बोलणे कितपत फुलले आहे, ते पाहण्यासाठी मला बनवले. मूल माझ्यात हात घाली, एक वस्तू काढी आणि खेळू लागे. मोठ्या बाई शेजारी बसून पाहत. त्याला कळते किती, ते बोटाने दाखवते का, दोन शब्द जोडते का, हे सारे त्या खेळातून टिपत. “हे काय आहे?” असे त्या कधीच विचारत नसत. गप्प राहणे हा त्यांचा रोजचा नेम होता. लोक उपास धरतात, बाईंनी मौन धरले होते.

आणि मुले बोलत. कुणी लगेच, कुणी चेंडू चारदा कोपऱ्यात घरंगळल्यावर. एका आजोबांनी तर नातवाचे “चेंडू गेला” ऐकून मलाच हात जोडले होते. मी फुगून गेले होते, खोटे कशाला बोलू?

पुढे मोठ्या बाई थकल्या आणि घरी बसल्या. त्यांच्या जागी ताई आल्या. ताई वाईट नव्हत्या, पण वरच्या साहेबांनी त्यांच्या हाती टॅब दिला होता. पडद्यावर चित्र येई, मुलाने नाव सांगायचे. नाही सांगितले की “टिंग” वाजे आणि चित्र निघून जाई. मला दारामागच्या खिळ्याला टांगले. केर काढणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, “ताई, हिला धुऊ की हिची फरशीपुसणी करू?”

“राहू दे गं. बघू नंतर.”

नंतर काही आले नाही. कापडाला कुबट वास येऊ लागला. तरी सांगते, मी रडले नाही. मी वाट पाहत होते. वाट पाहणे हेच तर माझे काम.

मग एके दिवशी बटण आली. इस्त्रीवाल्यांची चार वर्षांची मुलगी, सारे तिला बटण म्हणत. टॅबच्या चाचणीत पास झाली तर ती सोबतच्या मुलांबरोबर मोठ्या वर्गात जाणार होती. नाही तर पुन्हा वर्षभर रांगत्या-चालत्या बाळांच्या खोलीत.

टॅबवर इस्त्रीचे चित्र आले. गुळगुळीत, गुलाबी, खेळण्यासारखी इस्त्री. बटण पाहत राहिली. टिंग.

“सांग की गं,” आईने कोपराने ढोसले. “घरी तर माझं डोकं खातेस. इथं तोंडाला कुलूप?”

टिंग. टिंग. शेवटी पडद्यावर उमटले की मुलीची भाषा वयाच्या मागे आहे.

“ताई, ती मुकी नाही,” आई उभी राहिली. “तुम्ही नुसती चित्रं पळवताय.”

“मी कुठं पळवते? वेळ संपली की चित्र जातंच.”

“मग त्या यंत्राला म्हणावं, जरा बस, पाणी पी.”

दोघी बोलत असताना बटण दारामागे आली आणि तिने माझी नाडी ओढली. मी खिळ्यावरून सुटून खाली पडले. तिने माझ्यातून ठोकळा काढला, बाहुली काढली, तिचा झगा फरशीवर नीट पसरला. मग बोट जिभेला लावून ओले केले, ठोकळ्याच्या तळाला टेकवले आणि झटकन मागे घेतले. “स्स्.”

ताई वळल्या. “हे का—” एवढे त्यांच्या तोंडून निघाले, तोच मावशींनी केरसुणीसकट हात वर करून त्यांना थांबवले. मोठ्या बाईंच्या हाताखाली मावशींची उमेदीची वर्षे गेली होती. ताईंनी ओठ मिटले. आईनेही.

बटण बाहुलीच्या कानाशी वाकली.

“हलू नको. तापलीय. आधी कॉलर करू, मग बाही. रडलीस तर बाबा ओरडतील.”

आता सांगा मित्रांनो, कोण मागे होते? ती मुलगी, की ते टिंग?

ताईंनी टॅब हातात घेतला. त्यात आता काही बदलता येत नव्हते, संध्याकाळपर्यंत निकाल साहेबांकडे धाडायचा होता.

“मी आज निकाल पाठवत नाही,” त्या आईला म्हणाल्या. “उद्या सकाळी तुमच्या इस्त्रीच्या दुकानात येते. ती जिथं बोलते तिथं तिला ऐकते, आणि मग माझ्या हातानं लिहिते.”

“असं सगळेच म्हणतात, ताई. येत कुणी नाही.” आईने बटणला कडेवर घेतले. जाताना पोरीने ठोकळा परत माझ्या पोटात ठेवला, स्वतःहून.

मला जुनी म्हणा, कुबट म्हणा, उद्या माझी फरशीपुसणी करा. पण मुलाच्या ओठांशी आलेला शब्द घंटा वाजवून परत पाठवू नका. देव जीभ देतो, तेव्हा सोबत घड्याळ देत नाही. तुमच्या घरी धाकटे भावंड असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. थांबा. एवढेच मागते, आणि मान वर करून मागते.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. ताई म्हणाल्या, “निकाल उद्या, साहेब.” पलीकडचा आवाज चढला. ताईंचा चढला नाही. “उद्या,” त्या पुन्हा म्हणाल्या.

सकाळी त्यांनी टॅब कपाटात ठेवला. मला झटकले, उन्हात धरले, नाडी नीट ओवली आणि खांद्याला अडकवले. मावशी उंबऱ्यापाशी केर काढत होत्या, त्या बाजूला सरल्या. इस्त्रीच्या दुकानापर्यंतच्या साऱ्या वाटेत ताई एक शब्दही बोलल्या नाहीत.