कोटाखालची पिवळी बंडी

मी बंडी आहे, पिवळी बंडी. काही जण मला जॅकेट म्हणतात. पण जॅकेटला बाह्या असतात आणि मला त्या नाहीत. जे अंगी नाही त्याचे नाव मिरवणे मला रुचत नाही. दक्षिण न्यूझीलंडमधल्या कँटरबरीच्या सपाट मुलखात एका मोटारसायकल मंडळाच्या सेवेत माझे आयुष्य गेले. आज जरा निवांतपणा लाभला आहे, म्हणून चार शब्द बोलते.

माझा जन्म ग्लेनिस हॅडो हिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. रस्ते दुरुस्त करणाऱ्यांच्या गणवेशाचे कापड उरले होते, त्यातून तिने मला बेतले आणि उजेड पडला की चकाकणाऱ्या दोन रुपेरी पट्ट्या शिवल्या. पाठीवरची पट्टी किंचित तिरकी बसली. तिच्या नवऱ्याने, ट्रेव्हरने, मला उलटसुलट करून पाहिले.

"ग्लेनिस, ही पट्टी घसरगुंडीला निघालीय."

"तू सगळ्यांच्या मागे असतोस. तुझी पाठ बघायला कोण येणार आहे? मेंढ्या?"

तिचे म्हणणे खरे होते. माझ्या पाठीशी कुणाला काही देणेघेणे नव्हते. पण माझी छाती दिसावी म्हणून माणसे वाऱ्यात ताटकळत उभी राहत.

त्याचे कारण असे. रविवारी मंडळ फेरीला निघते तेव्हा वाट एकट्या म्होरक्याला ठाऊक असते. वळण आले की त्याच्या पाठोपाठचा स्वार तिथे उतरतो आणि मागून येणाऱ्यांना हाताने दिशा दाखवतो. एकेक करून सगळे पुढे जातात. सर्वांत शेवटी ट्रेव्हर येतो आणि त्याच्या अंगावर मी असते. मी दिसले की वळणावरच्या माणसाने गाडी सुरू करायची. मी दिसत नाही तोवर जागचे हलायचे नाही.

लांबून मी दृष्टीस पडले की वळणावर उभ्या असलेल्या माणसाचे खांदे सैल होतात, हेल्मेटची काच खाली येते, पाय गाडीवरून पलीकडे जातो. कुणाला इतके हवेहवेसे वाटणे कापडाच्या नशिबी क्वचितच येते.

हिवाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, मला दुसरेही काम असे. मंडळाच्या हिवाळी शर्यतींत जो स्वार प्रथमच उतरतो त्याला मी घातली जाते. माझा रंग दिसला की मागून येणारे मुरलेले स्वार त्याला धक्का न लावता, अंतर राखून पुढे जातात. उरलेले दिवस मी ट्रेव्हरच्या गॅरेजमधल्या खुंटीवर काढी. एकदा त्याने माझ्या टोकाने साखळीचे तेल पुसले. ग्लेनिसने त्याला जे सुनावले ते मी येथे उच्चारणार नाही.

आता त्या रविवारविषयी सांगते.

पहाटे दवाचे बर्फ झाले होते. मंडळ फेरी करत शर्यतीच्या मैदानाकडे निघणार होते. नायरी पाएवाई ही त्या वर्षीच सभासद झालेली बाई. शाळेची बस चालवणारी, पन्नाशीला आलेली, मोठ्याने हसणारी. तिची पहिली शर्यत त्या दुपारी होती. शर्यतीची गाडी तिचा धाकटा भाऊ पाओरा आपल्या व्हॅनमधून थेट मैदानावर नेणार होता. ती दुसऱ्या गाडीवरून मंडळाबरोबर आली होती.

"नायरी, आज शेवटचा नंबर कुणाला देणार?" कुणीतरी तिला चिडवले.

"मीच घेईन की! घरात त्याची सवय आहे. पाच भावंडांत आंघोळीला नेहमी मीच शेवटची."

नदीवरचा पूल ओलांडल्यावर रस्त्याला फाटा फुटतो; मैदानाआधीचे ते शेवटचे वळण. तिथे थांबण्याची पाळी नायरीची आली.

आम्ही मागे होतो. वाटेत बर्फाळ पाऊस सुरू झाला. ट्रेव्हर कडेला थांबला. त्याने पेटीतून काळा जाड कोट काढला आणि मला त्यावरून चढवू लागला. पण मी ग्लेनिसने उन्हाळी मापाने शिवलेली, कोटावरून कशी येणार? त्याची बोटे थंडीने वाकत नव्हती. "मरू दे," असे पुटपुटत त्याने मला परत अंगात घातले आणि वरून कोट चढवून गळ्यापर्यंत बंद केला.

मी अंधारात गेले. कोटाच्या खालच्या कडेतून माझी बोटभर किनार तेवढी बाहेर राहिली होती. वाऱ्याने कोट उडाला की त्या फटीतून मला रस्ता दिसे.

फाट्यावर नायरी उभी होती. वारा चुकवण्यासाठी ती एका गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला सरकली होती. ट्रेव्हरच्या चष्म्यावर वाफ धरली होती. वाट त्याला पाठ होती, म्हणून तो कडेला न पाहता वळला. नायरीने मात्र त्याला पाहिले. तिला काय दिसले? काळ्या कोटातला एक परका स्वार. शर्यतीचा दिवस असल्याने असे कितीतरी परके स्वार सकाळपासून त्याच रस्त्याने जात होते. तिने शिष्टाचार म्हणून हात वर केला आणि पुन्हा आम्ही आलो त्या दिशेला नजर लावली.

ती माझी वाट पाहत होती आणि मी तिच्यासमोरून निघून चालले होते. मी ओरडू शकले असते तर कोट फाडून ओरडले असते.

मैदानावर पोहोचताच मंडळी पांगली. कुणी गाड्यांची तपासणी करायला गेले, कुणी ग्लेनिसच्या भोपळ्याच्या सुपाकडे वळले. मोजदाद कुणीच केली नाही. बंडी आली म्हणजे सगळे आले, असा मंडळाचा ठाम विश्वास. नायरीच्या शर्यतीचे बोलावणे झाले तेव्हा पाओरा व्हॅनमागून पुढे आला.

"ट्रेव्हर, माझी बहीण कुठाय?"

"पुढे गेली असेल. मी शेवटी आलो, माझ्यामागे कुणी नव्हतं."

"पुढे नाही. मी दोनदा फिरून आलो. तिचा फोनही लागत नाही."

"पुलाच्या फाट्यावर तिलाच उभं केलं होतं," म्होरक्या म्हणाला. "तू तिला तिथून हलवलं नाहीस?"

ट्रेव्हरच्या हातातला पेला तसाच राहिला. ग्लेनिस त्याच्याकडे निरखून पाहत होती.

"ट्रेव्हर," ती म्हणाली, "बंडी कुठे आहे?"

त्याने कोटाची चेन खाली ओढली. मी उजेडात आले, कोरडी, उबदार आणि निरुपयोगी. पावसाचे आता खरेखुरे हिम होऊ लागले होते.

"ती हलणार नाही," पाओरा हळूच म्हणाला. "तुम्ही तिला ओळखत नाही. शेवटचं पोर बसल्याशिवाय ती बस हलवत नाही, मग शाळेला आग लागली तरी. तिथंच गोठून जाईल."

ट्रेव्हरने कोट काढून जमिनीवर टाकला. "अरे, निदान आत काहीतरी घाल!" ग्लेनिस ओरडली, पण तो गाडीवर बसलाही होता. स्वेटरवर मी, एवढाच त्याचा जामानिमा. मागून पाओराची व्हॅन निघाली. वारा माझ्यातून आरपार जात होता आणि ट्रेव्हरची छाती माझ्याखाली थरथरत होती. ते थंडीचे कापरे होते की भीतीचे, हे मला आजही ठरवता येत नाही. पूल जवळ येत होता आणि फाट्यावर कुणीच दिसत नव्हते.

मग भिंतीआडून एक हात वर झाला.

नायरी उभी होती! खांद्यांवर मेंढीचे आख्खे कातडे, हातात वाफाळता चहा, आणि शेजारी गोठ्याची मालकीण वैतागून कमरेवर हात ठेवून उभी.

"ही तुमचीच का?" मालकीण म्हणाली. "घरात चल म्हटलं, नाही. गाडीतून सोडते म्हटलं, नाही. पिवळं येऊ दे, पिवळं येऊ दे, एवढंच! मला वाटलं थंडीनं डोकं फिरलंय."

नायरीचे ओठ निळे पडले होते. पण मला पाहताच तिचे खांदे सैल झाले.

"उशीर केलास, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "आणि चुकीच्या बाजूनं आलास."

ट्रेव्हरला गाडीवरून उतरता येईना. पाओराने त्याला धरून उतरवले, मग बहिणीला मिठी मारली, मग तिच्यावर यथेच्छ ओरडला. मालकिणीने तिघांनाही आत नेऊन चुलीपुढे बसवले. तिथे ट्रेव्हरने मला अंगातून काढले आणि नायरीपुढे धरले.

"आता ही दुसऱ्या कुणाला तरी दे. मी या कामाचा राहिलो नाही."

"दुसऱ्याला का?" बोटे शेकत नायरी म्हणाली. "दुसरा उद्या हीच चूक करील. तू जन्मात पुन्हा करणार नाहीस. तूच घाल. फक्त दुपारपुरती मला दे, माझी शर्यत आहे."

आम्ही परतेपर्यंत मैदानावर नायरीची शर्यत सर्वांत शेवटी ढकलली होती. शर्यतीच्या डॉक्टरांनी तिची बोटे एकेक वाकवून पाहिली आणि मान डोलावली. हिम थांबले होते, ऊन तिरपे झाले होते. चामड्याच्या पोशाखावरून मी तिच्या अंगावर चढले. ती सर्वांच्या मागे राहिली. शर्यत संपल्याचा चौकटींचा झेंडा तिच्यासाठी हलला तेव्हा बाकीचे केव्हाच आपापल्या गाड्या थंड करत होते. पण कठड्याशी अख्खे मंडळ ताटकळत उभे होते. ती पोहोचेपर्यंत कुणी हलले नाही.

आता माझा रंग उतरला आहे. ग्लेनिसने नवी बंडी शिवली आहे, इतकी ऐसपैस की दोन कोटांवरून सहज यावी. रविवारी ट्रेव्हर ती घालतो. माझ्याकडे केवळ नवख्यांचे काम उरले आहे. मला त्याचा विषाद वाटत नाही. नवी बंडी नीट दिसते, एवढ्यावर मी निश्चिंत आहे.

मला अंगावर घेणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. थंडी कितीही असो, आम्हा बंड्यांना सर्वांत वर घाला. वळणावर कुणीतरी आमच्यासाठी उभे असते.